कारखान्याच्या पत्र्यावरचा उजेड

दिवे लागायच्या वेळी एखादी बाई रोज गच्चीवर जाऊन दुसऱ्यांच्या घरांकडे बघत उभी राहू लागली, की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तिच्याबद्दल काय काय बोललं जातं, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. कुणी म्हणालं, मी वीजचोरी पकडणाऱ्यांना आतून माहिती देते. कुणी म्हणालं, गल्ली रुंद होणार आहे आणि मी कुणाचा कठडा किती पुढे आलाय ते बघते. माझ्या सासूबाई कुणाकडून काही ऐकून यायच्या नाहीत, त्यांचा संशय स्वतःचा होता. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून त्या आपल्या कानडीमिश्रित मराठीत विचारायच्या, "येन माडती गं वर? कपडे तर मघाच काढून आणले की."

"दिवे बघतेय, अत्ती."

"दिवे काय बघायचे असतात?"

याला सरळ उत्तर होतं, पण ते सांगितलं तर संशय वाढला असता.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. दिवसभर संगणकावर बारीक चौकोन रंगवायचे, त्यावरून मागावर फुलं, वेली, मोर उमटतात. माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना संगणक आणि विमान चालवायचा खेळ माझ्याकडे ठेवून गेला. खेळ म्हणायचा म्हणून. त्यात सगळं खऱ्यासारखं असतं, वारा, ढग, धावपट्टी, खालची गावं. सुरुवातीला मी गंमत म्हणून बसले आणि अडकले. नवरा औषधांच्या दुकानातून उशिरा येतो, मूल नाही, सासूबाई मालिका बघतात. मी आपली सोलापूरहून उडायची आणि माढ्याच्या उसावरून एक फेरी मारून परत यायची.

दिवसा सोलापूर ओळखू यायचं, कारण खालची जमीन आकाशातून काढलेल्या फोटोंची असायची. रात्र केली की मात्र गाव बदलायचं. सरळ रांगेत नारिंगी दिवे, रुंद रस्ते, कुठल्यातरी थंड देशातलं शहर आणून टाकल्यासारखं. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यातसुद्धा दिव्यांचे खांब उभे होते. या खेळासाठी आपापल्या गावांची जमीन बनवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे मी तक्रार केली, तर नागपूरचे एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही डिझाइनर आहात ना? मग सोलापूरची रात्रीची जमीन तुम्हीच करा."

जमीन हा आमच्या धंद्यातलाही शब्द. कापडाचा मूळ रंग म्हणजे जमीन, तिच्यावर नक्षी बसते. मला वाटलं, काळ्या जमिनीवर पिवळे ठिपके, त्यात काय अवघड? पहिल्यांदा केलं ते लग्नाच्या मांडवावरच्या माळेसारखं दिसलं. मग लक्षात आलं, की वरून बघणाऱ्याला दिवा दिसत नाही, दिव्याखालची जमीन दिसते. म्हणून आधी दिवसाच्या फोटोतलं ऊन काढून टाकायचं, सावल्या पुसायच्या, सगळं निळसर काळं करायचं. मग दुसऱ्या काळ्याभोर चित्रावर फक्त उजेड रंगवायचा, खांबाजवळ दाट, कडेला विरत जाणारा, झाडाखाली तुटलेला. कुठे जुना पिवळा दिवा आहे, कुठे नवा पांढरा, कुठल्या दुकानाचा उजेड रस्त्यावर सांडतो आणि कुठल्या घराचा खिडकीतच राहतो, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी गच्चीवर. म्हणून भाजी आणायला गेले तरी मान वर. खांबांचे फोटो काढताना एका पानवाल्याने मला हटकलंसुद्धा, "काय ओ ताई, आमचा खांब कुणाला दाखवायलाय?"

आमच्या घरामागे यंत्रमागांचा एक कारखाना आहे. लांबट, पत्र्याच्या छपराचा. दिवसा आत उजेड यावा म्हणून छपरात मधेमधे पारदर्शक फायबरचे पत्रे बसवलेत. आमचं लग्न झालं तेव्हा मागांचा खडखडाट भिंतीतून यायचा, आणि तो थांबला की मला झोप यायची नाही. तो कारखाना एका तेलुगू कुटुंबाचा. वडील होते तोवर चालला. ते गेले आणि दोन भावांचं वाटणीवरून बिनसलं. कारखान्याच्या दोन बाजूंना दोघांची घरं. माग कुणाचे, जागा कुणाची, हे ठरेना. शेवटी त्यांच्या समाजाच्या पंचांसमोर पुढच्या दाराला दोन कुलपं लागली, एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. म्हणजे एकट्याला कुणालाच आत जाता येऊ नये. दोघांनी आपापल्या घरात बजावलं, त्या घराशी बोलायचं नाही. दोन्ही जावा एकमेकींसमोरून पदर सावरत, खाली बघत जायच्या. आधी त्या दुपारचं जेवण एकत्र घ्यायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

तर त्या बंद कारखान्याच्या छपरात मला उजेड दिसला.

फायबरच्या एका पत्र्यातून, मागच्या बाजूला. मळकट पिवळा, एका बल्बचा असावा तेवढा. गल्लीतून तो दिसणं शक्यच नव्हतं, खिडक्या बंद होत्या. वरून मात्र दिसायचा. थोडा वेळ असायचा आणि जायचा. पहिल्या दिवशी वाटलं, कुठल्यातरी दिव्याचं प्रतिबिंब असेल. दुसऱ्या दिवशीही होता. मी त्याचा फार विचार केला नाही. माझ्या चित्रात कारखान्याचं छप्पर आधीच काळंकुट्ट पडलं होतं, तिथे एक मंद चौकोन छान दिसला असता. मी तो रंगवला.

जमीन तयार झाली तेव्हा नागपूरच्या गृहस्थांनी सोलापुरात रात्री विमान उतरतानाची एक छोटी चित्रफीत बनवून गटात टाकली. माझं नाव त्यावर नव्हतं, ते बरंच झालं. ती गटातून बाहेर कशी पडली देव जाणे. आठवड्याभरात ती पेठेतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर होती, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'रात्री आपल्या घरांवर ड्रोन फिरतोय, सावध राहा.'

मग काय विचारता. संध्याकाळी लोक गच्च्यांवर चढून आकाशाकडे बघू लागले. विमान गेलं तरी बोटं वर. सासूबाईंनी न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावला. मी नवऱ्याला म्हटलं, सांगून टाकूया का, की ते मी काढलेलं चित्र आहे? तो म्हणाला, "आत्ता? आत्ता सांगितलंस तर ड्रोन तुझाच होता म्हणतील."

पण सांगावं लागलंच. कारखान्याच्या दोन भावांपैकी धाकटा एका रविवारी सकाळी दारात आला. हातात मोबाइल, चित्र मोठं करून आणलेलं.

"वैनी, हे तुमच्या गच्चीवरनं घेतलंय की."

"गच्चीवरून नाही. हे संगणकावर काढलेलं आहे. खेळासाठी."

"काढलंय?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग आमच्या कारखान्यात दिवा कुटनं आला? काढायचंच होतं तर अंधार काढायचा."

"मला दिसला म्हणून काढला."

हे बोलले आणि माझं मलाच कळलं, की बोलायला नको होतं. त्याने मोबाइल खिशात टाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "दिसला. म्हणजे थोरला आत जातोय. कुलूप असून जातोय. मागांचे पार्ट काढून विकायलाय, मला म्हाईत होतं." आणि जाता जाता वळून, "का त्यानंच तुमाला बसवलंय आमच्यावर नजर ठेवायला?"

थोरला दुसऱ्या दिवशी आला. तो वयाने मोठा, बोलायला शांत. खुर्चीत बसला, सासूबाईंनी दिलेला चहा घेतला, आणि जवळजवळ तेच बोलला. फक्त चोर बदलला होता.

"धाकट्याला आदीपासनं घाई लई. रात्री माल काढत असणार. तुमी काय बघितलंय ते पंचांसमोर सांगा. आणि एक विचारतो, राग मानू नका. त्यानं तुमाला सांगितलं होतं का, आमच्याकडं बघत बसा म्हणून?"

तो गेल्यावर सासूबाईंनी माझ्यासमोर कप आदळला. "विझव तो दिवा तुझ्या मशीनमधला. होगली बिडू, सोडून दे म्हणते. भावाभावांच्या मधी जाऊन बसलीस तू."

मी त्याच संध्याकाळी चित्रातला तो चौकोन काळा केला. पण लोकांच्या मोबाइलमधला कसा काळा करणार? आणि खरं सांगायचं तर आता मलाच स्वस्थता नव्हती. आत कोण जातं? मी गच्चीवरचा दिवा न लावता टाकीच्या आडोशाला उभी राहू लागले. आता मी खरोखरच पाळत ठेवत होते, लोक म्हणत होते तशी. उजेड लागला. पत्र्यामागे सावली हलली. एक नव्हे, दोन. म्हणजे चोर दोघं? मला थोरल्याचा शांतपणा आठवला आणि तो खोटा वाटला. धाकट्याचा राग आठवला, तोही खोटा वाटला. मनात आलं, दोघं मिळूनच काही करत असतील आणि जगाला भांडण दाखवत असतील.

दोन-तीन दिवसांनी धाकटी आली. धाकट्याची बायको. माझ्याहून लहान, काटक, बोलण्यात घाई. ब्लाउजच्या बाहीचं डिझाइन विचारायच्या निमित्ताने ती आत आली आणि सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या तशी माझा हात धरून म्हणाली, "ताई, तो दिवा पुसा."

"पुसलाय. तुम्हाला कुणी पाठवलं? तुमच्या यांनी?"

"त्यांना कळलं तर माजं काय खरं न्हाय." तिने माझ्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. मला वाटतं, माझ्यावर विश्वास ठेवावा का, हे ती तिथल्या तिथे ठरवत होती. "उद्या दिवे लागले की मागच्या बोळात या. एकट्या."

मी जावं की नाही, हे ठरवायला मला दुसरा अख्खा दिवस लागला. टॉवेलवरचा मोर दोनदा चुकला. हा कसला सापळा असेल? मला आत घेऊन बाहेरून कुलूप लावतील आणि म्हणतील, हीच ती. तरी गेले.

बोळात एक बुटकं दार आहे, पूर्वी तिथून सुताचे गठ्ठे आत जायचे. दोन्ही भाऊ समजत होते, की ते आतून खिळे मारून बंद आहे. धाकटीने ते नुसतं ढकललं.

आत मागांच्या रांगा धुळीखाली उभ्या होत्या. कुणी काही काढून नेलेलं दिसत नव्हतं. मागच्या कोपऱ्यात तेवढी जमीन झाडलेली होती, दोन पाट मांडलेले, वर एक बल्ब. त्याखाली थोरली बसली होती. थोरल्याची बायको. जाड भिंगाचा चष्मा, एक पाय लांब केलेला. मला बघून तिने पदर पोटावर ओढला आणि धाकटीला तेलुगूत काहीतरी तिखट बोलली. मला भाषा कळत नव्हती, पण 'हिला का आणलंस' एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

धाकटी माझ्याकडे वळली. "अक्काला साखर हाय. रोज संध्याकाळी इंजेक्शन लागतं. डोळ्याला दिसत न्हाय नीट, हात थरथरतो. भावजींना सुई बघितली की चक्कर येते. लग्न होऊन आले तेव्हापासनं मीच देते. भांडण झालं, बोलायचं बंद झालं. मग साखर थांबती का?"

थोरलीने घरात सांगितलं होतं, की कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स इंजेक्शन देते. त्यासाठी ती रोज घरून निघायची, गल्लीला वळसा घालून बोळात यायची. धाकटी आपल्या परसातून यायची.

धाकटीने माझ्यासमोरच सुईचं नारिंगी टोपण काढलं, औषध भरलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि थोरलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. थोरली तेवढा वेळ माझ्याकडेच बघत होती. सुई बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा मला मराठीत विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. मला माहीतच नव्हतं."

"म्हाईत नव्हतं तर काढलंस कशाला?" मग ती धाकटीकडे वळली. "का तू सांगितलीस हिला आदीच?"

धाकटीचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत भावांना जे जमलं नव्हतं ते माझ्या त्या चौकोनाने केलं होतं. या दोघींच्यात संशय आणला होता. मी म्हटलं, "अक्का, मला वरून फक्त उजेड दिसला. माणसं दिसली नाहीत." तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. निघताना थोरलीने धाकटीच्या खांद्याचा आधार घेतला, त्यावरून मी समजले, की निदान तेवढं शाबूत आहे.

पुढच्याच रविवारी पंचांनी कारखाना उघडायचं ठरवलं. दिवा मी बघितला होता, म्हणून मलाही बोलावलं. रात्रभर मी काय बोलायचं ते घोकत होते. दोघींना सांगायची संधी मिळाली नाही, दोन्ही घरांत पुरुष बसून होते.

दोन्ही भावांनी आपापली किल्ली लावली, एकमेकांच्या हाताला हात लागणार नाही अशा बेताने. दार करकरत उघडलं. पंचांमधले एक म्हातारे गृहस्थ मागांवरून बोट फिरवत चालले आणि म्हणाले, "सगळं हाय की जागच्या जागी." भावांनी ऐकलं नाही. ते दोघंही मागच्या कोपऱ्याकडे गेले होते. मी त्यांच्या मागे.

पाट होते. बल्ब होता. धाकट्याने बल्बची वायर बघितली आणि तिच्या मागे नजर नेत भिंतीपर्यंत गेला. वायर खिडकीच्या फटीतून बाहेर, थेट त्याच्याच न्हाणीघराकडे गेली होती. तो जागीच थांबला. मग सावकाश वळला आणि भिंतीला पाठ लावून असा उभा राहिला, की वायर कुणाला दिसू नये.

त्याच वेळी थोरला खाली वाकला होता. पाटाशेजारी एक नारिंगी टोपण पडलं होतं. तसली टोपणं त्याच्या घरातल्या औषधाच्या डब्यात रोज दिसत असणार. त्याने ते उचललं, एकदा बघितलं आणि मूठ मिटली.

पंच जवळ आले. "काय हाय का इथं?"

"काय न्हाय," थोरला म्हणाला.

"जुनी वायरिंग," धाकटा म्हणाला. "शॉर्ट होत असंल. पेटतंय मधीच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. माझ्याकडे मात्र दोघांनीही बघितलं. पंचांनी मला विचारलं, "बाई, तुमाला काय दिसलं होतं?"

"उजेड," मी म्हटलं. "शॉर्टचा असेल."

पंचांनी पाटांकडे बघितलं, मग भावांकडे, आणि बाहेर गेले. दार पुन्हा बंद झालं, दोन्ही कुलपं लागली.

घरी जाऊन कोण काय बोललं, मला कळलं नाही. कुणाचा आवाज चढलेला ऐकू आला नाही, आणि मी कान देऊन होते हे कबूल करते. मला अजूनही ठाऊक नाही, की वायर धाकट्याची होती हे थोरल्याला कळलं का, किंवा त्या मुठीत काय होतं हे धाकट्याला. भाऊ बोलायला लागले असं काही झालं नाही. उन्हाळ्यात दोघांनी मिळून माग विकले, तेही पंचांमार्फत, आणि गाडी भरताना एक पुढे उभा होता, एक मागे.

पण त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना मी थबकले. थोरला आपल्या घराच्या पायरीवर मोबाइल बघत बसला होता. धाकटी आपल्या दारातून बाहेर पडली, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी, आणि उघड्या गल्लीतून सरळ त्याच्या पायरीपर्यंत आली. थोरल्याने मान वर केली नाही. त्याने फक्त पाय आखडून घेतले, तिला जायला वाट होईल एवढे. ती आत गेली.

तेवढ्यात मागून धाकट्याचा आवाज आला. तो त्याच्या दारात उभा होता, मला बघत.

"काय ओ वैनी," तो म्हणाला, "आता काय काढायलाय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन घराकडे वळले. मी आमचं दार लावून घेईपर्यंत तो तिथेच उभा होता.